खुरडणं, लंगडणं आणि चालणं

मंगळवेढ्याच्या गोजरबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर सून अंकिता डॉक्टरांना फोनवर कौतुकानं सांगायची, "आत्या आता चालायला लागल्यात."

पलंगावरून गोजरबाई म्हणायच्या, "चालत न्हाय गं, खुरडतीया. दोन्ही पाय उचलून सारखे पडले तर ते चालणं. हाय ते सांग की."

अंकिताला आधी राग यायचा. आपण धीर द्यायला जावं आणि सासूनं शब्दावर अडावं! पण गोजरबाईंना खोटा धीर नकोच होता. रोज दात आवळून त्या वॉकरनं अंगणात फेऱ्या घालायच्या. पाय उचलायला लागला, तशा स्वतःच बोलल्या, "आता लंगडतीया. हे लई बरं हाय." पुढं काठी आली. ती सोडून पाहिली की झोकांडी जायची, मग त्या मुकाट्यानं काठी परत घ्यायच्या.

हुरड्याच्या दिवसांत एका सकाळी अंकिता रानात पाखरं हाकलत होती. वळून पाहते तर बांधावरून गोजरबाई येत होत्या. हातात काठी नव्हती आणि दोन्ही पाय सारखे पडत होते.

"आत्या, तुमी चालत आलाय?"

"व्हय. चालत आले."

मग त्यांनी पदर खोचला, सुनेच्या हातातली गोफण घेतली आणि गरगरा फिरवून खडा सोडला. ज्वारीवरचा सगळा थवा भुर्रकन उडाला.