आप्पांचा कान

माझ्या मैत्रिणीचे आप्पा कानाने एसी तपासत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग निदान. ते सहसा चुकत नसे.

गुडघे गेले तसं शिडी चढणं संपलं. दुरुस्तीचं दुकान मुलीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, हाती घेतलं. आप्पा दुकानात खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्याकडे कान तेवढा उरला होता. म्हणून ती कामावरून त्यांना फोन लावायची आणि फोन यंत्राजवळ धरायची.

या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या बाईंचा एसी बंद पडला. बाई आता थकल्या होत्या. हृदय कमजोर, आणि खोली थंडच ठेवा असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांना भेटायचं म्हणून मीही मैत्रिणीबरोबर गेले. यंत्र खिडकीतलं, नव्या इन्व्हर्टर पद्धतीचं होतं; कॉम्प्रेसरची वीज इलेक्ट्रॉनिक बोर्डातून जाणारं. सुरू होताना एक हिसका, थोडी घरघर, की गप्प.

"जाम झालाय," आप्पा फोनवर म्हणाले. "कॉम्प्रेसर बदल."

"आप्पा, एकदा बोर्ड बदलून बघते ना."

"का? माझे कान गहाण पडलेत? तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय मी हे."

"बरं, महाराज." ती हसली. बोर्डाचं झाकण तिने उघडलंच नाही.

नवा कॉम्प्रेसर यायला वेळ लागला. खोली तापत राहिली. तो येण्याआधीच बाई गेल्या.

"हे धूड घेऊन जा," त्यांचा मुलगा म्हणाला. "नजरेसमोर नको."

तिने ते दुकानात आणून चाचणीच्या बुटक्या खिडकीत जोडलं. मग फक्त बोर्ड बदलला. यंत्र सुरू झालं.

तिने मला नंतर समजावलं. बोर्डातून कॉम्प्रेसरला तीन तारा जातात. बोर्ड बिघडून एकीतली वीज तुटली, तर धडधाकट कॉम्प्रेसरही अडकल्यासारखाच हिसका देतो. आवाज तोच. कानाला फरक कळत नाही.

तेव्हापासून तिला झोप नाही. घरचा फ्रीज सुरू झाला तरी दचकते.

"बाई धापा टाकतायत असं वाटतं गं," ती म्हणाली. "बाई गेल्याचं आप्पांना ठाऊक आहे, पण बोर्डाचं सांगू? सांगितलं तर ते खचतील. नाही सांगितलं, तर उद्या पुन्हा कोणाच्या तरी खोलीत मी फोन धरून उभी."



काल दुपारी मी दुकानात गेले. आप्पा जेवायला घरी गेले होते. तिने बाईंचा एसी लावला होता.

"ते जेवायला गेले की रोज लावते. आज तरी अडकेल, आप्पा खरे ठरतील म्हणून."

तो अडकत नव्हता.

आप्पा काठी टेकत लवकरच परतले आणि दारात थबकले.

"कोणाचा गं हा? काय सुरेख चाललाय!"

आप्पा जवळ आले. पत्र्यावर तळवा ठेवला.

"बाईंचा?"

"हो, आप्पा."

"कॉम्प्रेसर?"

"जुनाच. बोर्ड बदललाय फक्त."

ते हळूहळू, गुडघे धरत, जमिनीवर बसले. तिने बटणाकडे हात नेला.

"राहू दे," ते म्हणाले.

शटर ओढायची वेळ झाली. दुकान गारठलं होतं. आप्पा पत्र्याला कान लावून बसले होते, कुडकुडत. ती यंत्र बंद करायला दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा त्यांनी तिचं मनगट धरलं.

यंत्र चालू होतं.