झुडपातल्या पाण्याची काठी

आर्डिस स्कोगनला गळाच्या काठीबद्दल सल्ला विचारला की ती आधी शिव्या घालायची आणि मग सल्ला द्यायची. दोन्ही मनापासून.

"एवढी लांब? मासा धरायचाय, की समोरच्या काठावरचे वाळत घातलेले कपडे काढायचेत?"

शाळेच्या भटारखान्यात जन्म गेलेली बाई. मिल्टन, तिचा नवरा, जाऊन बरेच हिवाळे झाले, पण घरात शांतता म्हणून नव्हती. ही एकटीच मोठ्याने हसायची, रेडिओशी भांडायची आणि मोडलेल्या लांब काठ्या करवतीने कापून त्यांच्या आखूड काठ्या करायची. झाऱ्या-डावांच्या रांगेतच त्या टांगलेल्या असत. एकदा तिने रस्सा काठीने ढवळला होता असं लोक सांगतात, आणि ती ते नाकारत नाही.

तिचं राज्य म्हणजे आमच्या गावच्या तळ्याचा मागचा कोपरा. पाणी जेमतेम छातीइतकं, आणि खाली नुसत्या फांद्या. नाताळ झाला की आम्ही घरातली झाडं तिथे बर्फावर ओढून नेतो, बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधतो आणि सोडून देतो. वसंतात बर्फ वितळला की झाडं आपापली बुडतात. क्रॅपी मासे त्यात सुखाने संसार करतात. पण हा मासा महा लबाड! गळाला लागला की सुळकन फांदीत शिरतो आणि दोरीला पीळ घालतो. जोरात ओढावं तर ओठ कागदासारखा फाटतो. म्हणून काठी हवी आखूड, टोकाला मऊ आणि कमरेला ताठ. टोक मऊ, म्हणजे माशाचं आमिष चाखणं दिसतं. कंबर ताठ, म्हणजे त्याला विचार करायला वेळ न देता उचलता येतं. लांब लुळी काठी उघड्या पाण्यात शोभते, या बुडालेल्या झुडपात ती नेली की मासाही गेला आणि गळही गेला.

हे सगळं ज्याला कळत नव्हतं तो ऑर्विल मात्ताला. थोरल्या सरोवराच्या गोदीतून निवृत्त होऊन इथे आलेला, खोल पाण्यातले धिप्पाड ट्राउट मासे ओढणारा गडी. दर हिवाळ्यात बर्फ माणसाचं वजन पेलू लागला की तो आर्डिसच्या दारात उभा.

"बर्फाने माझं वजन धरलंय, आर्डिस. आता तूही हो म्हण."

"आधी नीट मासे धरायला शीक, मग बायको धर," असं म्हणून ती त्याला कॉफी पाजायची आणि वाटेला लावायची.

यंदा मात्र चर्चच्या तळघरातल्या जेवणात घोटाळा झाला. बटाट्याचा खरपूस थर असलेलं हॉटडिश खाऊन सगळे खुशीत होते. ऑर्विलने सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं, आणि आर्डिसची जीभ घसरली.

"शनिवारच्या मासे धरायच्या स्पर्धेत मागच्या कोपऱ्यात माझ्यापेक्षा मोठा क्रॅपी काढलास, तर करते लग्न!"

लोकांनी चमचे आपटून तळघर डोक्यावर घेतलं. आर्डिसही हसली. घरी येऊन बूट काढताना मात्र तिचं हसू मावळलं. अगं बाई! हा कसला जिंकतोय? त्या कोपऱ्यात तिला आजवर कुणी हरवलं नव्हतं, आणि चारचौघांत दिलेला शब्द आमच्याकडे फिरवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तिला तो हवा होता! त्याचं ते शिट्टी वाजवत अंगण झाडणं हवं होतं, कॉफीत तीन चमचे साखर घालणं हवं होतं. इतके हिवाळे "नाही" म्हणताना तिला मजा येत होती, कारण पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा येणारच होता. आता पैज हरून तो यायचाच थांबला तर?

शनिवारी सकाळी लव्हॉनच्या आमिषाच्या दुकानात सगळे जमले. लव्हॉन म्हणजे मिल्टनची बहीण, आर्डिसची नणंद आणि स्पर्धेची पंचही. ऑर्विल आपली ट्राउटची दांडगी काठी घेऊन आला, आणि लोक पोट धरून हसू लागले.

"हसा लेको," तो म्हणाला. "आर्डिस, तूच निवडून दे. बेइमानी करणार नाहीस, ठाऊक आहे मला."

आर्डिसने बादलीतून आपल्या काठ्या काढल्या. एकेक वाकवून बघितली, आणि हातातली सगळ्यात चांगली, आखूड, लाकडी मुठीची काठी त्याच्या पुढ्यात धरली.

"ही घे. लागला की झटका मारायचा नाही. नुसतं वर उचलायचं, उकळत्या पाण्यातून अंडं काढतोस तसं. कळलं का, रेड्या?"

"आणि तू?"

तिने दुकानाच्या कोपऱ्यातली लांब, लुळी काठी उचलली. ती हलवली तर दोडक्याच्या वेलासारखी लोंबली.

लव्हॉनचे डोळे बारीक झाले. "वहिनी, ही? झुडपात?"

"हात दुखतोय माझा. हलकी बरी."

"हात दुखतोय, की काळीज?"

"तुझे आमिषाचे मासे बघ, मरतायत ते!" आर्डिस खेकसली. लव्हॉन मान खाली घालून हसली, आणि जाताजाता तिने वहिनीच्या पाठीवर हळूच थोपटलं. आर्डिसला एकदम रडू आल्यासारखं झालं, म्हणून तिने नाक शिंकरलं.

गिरमिटांनी बर्फाला भोकं पडली, उपड्या बादल्यांवर माणसं बसली. ऑर्विलच्या काठीचं टोक हललं, आणि सांगितलेलं सगळं विसरून त्याने खोल सरोवरातला झटका मारला. वर आली एक फांदी, तिला चंदेरी झिरमिळ्या!

"ही पाद्रीबाबांच्या झाडाची!" कुणीतरी ओरडलं. "बाबा दरवर्षी सजावट काढायला विसरतात!"

"अंडं, ऑर्विल, अंडं!" आर्डिस किंचाळली. स्वतःच्या विरोधकाला शिकवणारी ही पहिलीच स्पर्धक.

पुढच्या वेळी त्याने नुसतं उचललं. तळहाताएवढा गुटगुटीत क्रॅपी बर्फावर तडफडला. ऑर्विल बादलीवरून पडला आणि पडल्या-पडल्या नाचला. आर्डिसला इतका आनंद झाला की तिने भोकात बघणंच सोडून दिलं. आता फक्त वेळ संपायचा होता.

तेवढ्यात तिची लुळी काठी वाकली. वाकली म्हणजे काय, टोक पार भोकात शिरलं. खाली काहीतरी दांडगं होतं.

"जा ना मेल्या फांदीत," ती पुटपुटली. "जा, पीळ घाल, तोड दोरी!"

पण मासा म्हणजे मुलखाचा अडेलतट्टू. लुळी काठी ओढत नाही म्हणून तो बिथरला नाही, बिथरला नाही म्हणून पळालाही नाही. हलत-डुलत, पाहुण्यासारखा तो वर आला आणि स्वतःच भोकाबाहेर डोकं काढलं. लव्हॉन मागेच उभी होती, त्यामुळे परत ढकलायचीही सोय नव्हती. लव्हॉनने मासा मोजला, आणि तिचा चेहरा पडला.

"वहिनी... तुझा मोठा."

ऑर्विलने टोपी काढली, कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा घातली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पैज म्हणजे पैज. आता नाही त्रास देणार तुला, आर्डिस." त्याने तिची काठी रुमालाने पुसली आणि तिच्यापुढे धरली.

आर्डिस भडकली. त्या माशावर, ऑर्विलवर, सगळ्यात जास्त स्वतःवर.

"काठी ठेव तुझ्याकडेच! तू हरलास, म्हणजे मला लग्न करायची सक्ती नाही. पण बंदी घातलीय का कुणी?"

"म्हणजे?"

"म्हणजे..." ती काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," ऑर्विल म्हणाला. चोराला नीट ऐकू आलं होतं.

"अरे, लग्न करतोस का माझ्याशी, मात्ताला?"

ती अशी ओरडली की तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाची माणसं बादल्यांवरून उठली, आणि तिथून दोघातिघांचं एकदम उत्तर आलं, "हो, करतो!"

"गप बसा रे!" ऑर्विल बर्फावर घसरत, धडपडत तिच्याकडे धावला. "मला विचारलंय तिने! मला! हो, आर्डिस, हो!"