हुजूरपक्षाचं एक मत

माघ वद्य पंचमी, शके अठराशे पंचेचाळीस. मी अंगणात तूर भरडत बसले होते. तुरीला तेलपाणी लावून चांगलं ऊन दाखवलं होतं, तरी डाळ अख्खी निघत नव्हती, आणि माझं लक्ष जात्यापेक्षा भिंतीपलीकडे जास्त होतं. साऱ्या निजामाच्या राज्यात विलायतेची निवडणूक हरलेला एकच माणूस होता, आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहत होता.

ते माझे चुलत सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची. दिंद्रुड गाव त्यांना पेशकारसाहेब म्हणायचं. तहसीलीत साहेबापुढे कागद मांडणारे पेशकार म्हणून जन्म काढला, पेन्शन घेऊन गावी आले, वर्षभरात चुलत सासूबाई गेल्या आणि मुलगा हैदराबादेस नोकरीला चिकटला. जेवण माझ्याकडून जायचं. ताटात गेल्या दहा वर्षांत नसलेला कोणताही पदार्थ दिसला की ते तो बाजूला काढून ठेवत आणि ताट परत देताना म्हणत, "ही भाजी आपली नव्हे." बटाट्याला त्यांनी असं तीनदा परत पाठवलं, मग मीच नाद सोडला. काडेपेटी त्यांना चालत नसे, चकमक चाले. कंदिलाची काच चालत नसे, समई चाले. अंगरख्याला बटणं लावायचं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "सूनबाई, बंद बांधायला वेळ लागतो म्हणूनच माणूस घराबाहेर पडण्याआधी विचार करतो." नवीन विहिरीचं पाणी गोड होतं, सगळं गाव तिथून भरायचं. हे जुन्या विहिरीचं मचूळ पाणी पीत आणि त्याला पाचक म्हणत.

असा माणूस विलायतेतल्या हुजूरपक्षाचा कसा झाला, हे कोणी विचारू नये. मुंबईहून निघालेलं वर्तमानपत्र आगगाडीने परभणीला, तिथून डाकेने आणि शेवटी बाजारकरूंच्या गाडीने दिंद्रुडला पोचेपर्यंत आठवडा जायचा. त्यात विलायतेतले तीन पक्ष त्यांना सापडले. एक हुजूरपक्ष, म्हणजे आहे ते आहे तसं ठेवणारा. एक मजूरपक्ष, म्हणजे सगळं बदलणारा. आणि मधे एक उदारपक्ष, जो दोघांचंही ऐकून घेतो. मामंजींनी पहिला वाचला आणि दुसऱ्या क्षणी ते त्यातले झाले. मत त्यांना विलायतेत नव्हतं, हैदराबादेत नव्हतं, गावच्या चावडीतसुद्धा नव्हतं. पण लंडनमधल्या कोणत्याही हुजूरवाल्याने त्या पक्षाची एवढी काळजी वाहिली नसेल.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक भरायची. बैठक म्हणजे तिघे. स्वतः मामंजी, तहसीलीतले त्यांचे जुने सोबती मुनशीजी, जे दर वाक्यामागे "बजा है", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचे, आणि आप्पा किराणावाला, ज्याला दुकान बंद करून बसायला कुठेतरी जागा हवी असायची. मामंजी वाचत, मुनशीजी "बजा है" म्हणत, आप्पा पान लावी, आणि तिघांपुढे सुंठेचा काढा असे. तिघेही एका मताचे आहेत अशी मामंजींची पक्की समजूत होती. इतकी वर्षं ती तपासायची वेळ आली नाही, हे त्यांचं नशीब.

मार्गशीर्षात विलायतेत निवडणूक लागल्याची बातमी आली आणि मामंजींनी ठरवलं की आपणही मत द्यायचं. विलायतेत तोवर निकाल लागूनही गेला असेल, असं आप्पाने सुचवून पाहिलं. "आपल्याकडे निकालाचा कागद आलेला नाही, तोवर मतदान कायदेशीर आहे," असं मामंजींनी सांगितलं. ठेवणीतला अंगरखा घातला. पितळी लोटा मधे ठेवला. हुजूरपक्षाला सुपारीचं खांड, उदारपक्षाला हरभरा, मजूरपक्षाला ज्वारीचा दाणा. प्रत्येकाने हात उपरण्याखाली धरून एकच वस्तू लोट्यात टाकायची. मी भिंतीच्या पडक्या कोपऱ्याशी वाळवण उलटत होते, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तिघांनी गंभीरपणे हात घातले. मामंजींनी लोटा पालथा केला. एक खांड, एक हरभरा, एक ज्वारीचा दाणा पडला.

त्यांनी लोट्यात डोळा घालून पाहिलं. बुडावर थाप मारली. आणखी दोन खांडं कुठेतरी अडकली असणार अशी त्यांना आशा असावी. मग त्यांनी मुनशीजींकडे पाहिलं, आप्पाकडे पाहिलं, आणि पुन्हा लोट्याकडे पाहिलं. दोघेही रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीकडे बघत होते. शेवटी मामंजींनी निकाल दिला की कोणाचे तरी हात चुकलेले आहेत, आणि तसंही सुपारी वजनाला जास्त भरते, तेव्हा हुजूरपक्ष विजयी.

पुढच्या वर्तमानपत्रात आलं की विलायतेतही हुजूरपक्षालाच सर्वांहून जास्त जागा मिळाल्या. त्या दिवशी मामंजींनी गूळ-खोबरं वाटलं. मलाही आलं. जास्त जागा म्हणजे राज्य, असा त्यांचा हिशेब. पुढच्या बारीक टाइपातल्या चार ओळी त्यांनी वाचल्याच नाहीत. त्या चार ओळींत होतं की जास्त असल्या तरी निम्म्याहून कमी आहेत. पौष संपता संपता पत्र आलं. उदारपक्षाने मजूरपक्षाला हात दिला, हुजूरपक्ष उतरला आणि मजुरांचं सरकार बसलं.

मामंजींनी ती बातमी दोनदा मनात वाचली, घडी घातली आणि आधीच्या आठवड्याचं पत्र काढून ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आप्पाने विचारलं, तर म्हणाले, "बातमी जुनी झाल्याशिवाय खरी होत नाही." असं त्यांनी दुसऱ्या दिवशीही केलं. पण आप्पाच्या दुकानात बाजारकरू बसतात, त्याला सगळं कळलेलं होतं.

"पेशकारसायेब," तो म्हणाला, "गूळ वाटला तवाच म्या म्हनलं हुतं, लई घाई व्हायलीय. आता परत आनून देवावं तर खाल्ला की वो आमी."

इथवर चाललं असतं. आप्पा त्यांना रोजच टोचायचा आणि तेही त्याला दुकानदार म्हणून सोडून द्यायचे. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात लोटा आला. विलायतेत झालं तेच आपल्या ओट्यावर झालेलं आहे, असं त्याने मांडलं. ज्वारीचा दाणा त्याचा, हरभरा मुनशीजींचा, दोन मिळून एका सुपारीपेक्षा जास्त. म्हणजे ओट्यावर सरकार आता त्यांचं, आणि सरकारचा पहिला ठराव असा, की उद्यापासून सुंठेचा काढा बंद आणि चहा सुरू. त्याच्या दुकानात त्याच आठवड्यात चहाची पेटी आलेली होती, तेव्हा मजूर सरकारचं हे धोरण कुठून निघालं ते मला भिंतीआडूनही समजलं. मामंजींनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते मुनशीजींकडे वळले. मुनशीजी "बजा है" म्हणून काढ्याच्या बाजूने उभे राहतील, याची त्यांना खात्री होती.

मुनशीजींनी दाढीवरून हात फिरवला. "थोडा जमाने के साथ चलना पडता, साब," ते म्हणाले. "नक्को नक्को बोलके कित्ते दिन?"

मी त्या वेळी मामंजींचा चेहरा पाहिला आणि हातातलं सूप खाली ठेवलं. आप्पाने हे म्हटलं असतं तर ते हसले असते. मुनशीजींच्या तोंडून ते आलं, ही अडचण झाली. सबंध नोकरी शेजारी बसून काढलेल्या माणसाचं मत हरभरा निघालं, हे त्यांनी लोट्यात पाहूनही मानलं नव्हतं. आता कानांनी ऐकलं. ते म्हणाले की ओटा त्यांच्या आजोबांनी बांधलेला आहे, इथे मतं चालत नाहीत, आणि मुनशीजींनी उद्यापासून तसदी घेऊ नये. आवाज चढवला नाही. तहसीलीत अर्ज फेटाळताना काढायचे तोच आवाज होता. मुनशीजी उठले, सलाम केला आणि काठी घेऊन गेले. आप्पा पानाचा डबा मिटून त्यांच्यामागे गेला.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. मामंजींनी ओट्यावर बसून पत्र वाचलं, नेहमीसारखं मोठ्याने. रस्त्यावरची माणसं बघून जायची. एका ओळीनंतर ते थांबायचे, मग पुढची ओळ. आधी मला वाटलं दम लागतो. मग लक्षात आलं, की मुनशीजी जिथे "बजा है" म्हणायचे तेवढी जागा सोडून ते वाचत होते. काढाही रोज उकळायचा. ओतून टाकताना मोरीत सुंठेचा वास यायचा. मी मधे पडले नाही. म्हाताऱ्यांची भांडणं आपली आपण मिटतात असा माझा अनुभव होता, आणि मला कामंही होती. अनुभव चुकला.

तर त्या पंचमीला मी तूर भरडत असताना मामंजी आमच्या अंगणात आले. ते कधी येत नसत. हवं ते भिंतीवरून सांगत. मी पदर घेऊन उठले. त्यांनी ठेवणीतला अंगरखा घातला होता आणि हातात लोटा होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमचं मत हवं आहे."

मला आधी समजलंच नाही. विलायतेत बायकांना मत दिलं तेव्हा याच माणसाने आठवडाभर वर्तमानपत्राला हात लावला नव्हता, आणि आता मजूरपक्ष वर आला तोही बायकांमुळेच, असं चुलीपर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगितलं होतं.

"बायकांचं मत चालतं का, मामंजी?"

"अडचणीच्या वेळी चालतं." त्यांनी लोटा जात्याशेजारी ठेवला. "आता ओट्यावर एकास एक आहे. आप्पा आणि मी. तुमचं पडलं की हुजूरपक्षाचं बहुमत. मग आप्पाला यावंच लागेल. कायदा आहे."

"एकास एक कसं? मुनशीजी?"

ते जात्याकडे बघत राहिले. "माजलगावला गेले. लेकीकडं."

"कधी येणार?"

"भांडी गाडीत घातली होती म्हणे. आप्पा सांगत होता." मग म्हणाले, "वेशीतून गेले. माझ्या दारावरून वाट होती. सलाम न करता गेले."

मी म्हटलं, "तुम्हीच तसदी घेऊ नका म्हणालात."

"ओट्याची म्हणालो होतो. गावाची नव्हे."

त्यांना रडू वगैरे आलं नव्हतं. पण बंद उलटसुलट बांधले होते, आणि एवढ्या वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडून माझ्यासमोर धरली. सुपारीचं खांड, हरभरा, ज्वारीचा दाणा, तिन्ही होतं. फसवायला आले नव्हते. कायद्याने आले होते. मी हरभरा उचलून त्यांच्या देखत लोट्यात टाकला. उपरण्याखाली हात धरायला माझ्याकडे वेळ नव्हता.

"माझं मत मुनशीजींना."

"ते गावात नाहीत," ते म्हणाले. "गैरहजर इसमाला दिलेलं मत बाद होतं."

"मग हजर करा."

"हुजूरपक्ष कोणाच्या दारी जात नाही, सूनबाई."

"मग बसा बहुमत घेऊन. माझं सुपारीचं घ्या, आप्पा येईल, पान खाईल, जाईल. तुमच्या विरुद्ध बसायला तरी तुमच्यासारखं बोलणारं कोणी उरलंय का गावात?"

बोलून गेल्यावर मलाच ते जरा जास्त वाटलं. मी जात्याशी बसले आणि मूठ घातली. मग वाकून त्यांनी लोट्यातला हरभरा काढला, निरखला आणि पुरचुंडीत बांधून घेतला.

"मत बादच आहे," ते म्हणाले. "पण नोंद घेतली." जाताना भिंतीपाशी थांबून, मागे न वळता, विचारलं, "माजलगावला चहाच असणार, नाही का? लेकीच्या घरी."

"असणार."

"विरोध नोंदवून पिता येतो," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी माजलगावच्या बाजाराला जायचीच होती. मी उजाडायच्या आत उठून गड्याला बैल जुंपायला लावले, गाडीत कडब्यावर घोंगडी अंथरली आणि दशम्या बांधून दिल्या, दोन माणसांच्या. मामंजी हाक मारायच्या आधीच दारात उभे होते. बंद नीट बांधलेले होते. ते घोंगडीवर चढून बसले. मुनशीजी परत येतील की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. भरलेली भांडी सहसा गाडीतून परत उतरत नाहीत. गाडी वळेपर्यंत मी थांबले नाही, चुलीवर दूध होतं. ते उतरवून मी शेणाची पाटी घेतली आणि पलीकडे जाऊन त्यांचा ओटा सारवून काढला. फार दिवसांचा राहिला होता. तिघे बसायचे तेव्हा सारवायला कधी सापडतच नसे. त्या दिवशी त्यावर बसायला कोणी नव्हतं, तेव्हा संध्याकाळपर्यंत चांगला खडखडीत वाळला.