चांगला गुडघा

मैदानाच्या कोपऱ्यातल्या खोलीत, फाटक्या रेक्झिनच्या टेबलाशी त्याची तेवीस वर्षं गेली. मालिश, बर्फ, पट्ट्या हे रोजचं काम; पण खेळाडू त्याला ‘गुडघेकाका’ म्हणत ते त्याच्या हातांमुळे. नडगी धरून पुढे ओढली की आतला अस्थिबंध शाबूत आहे की तुटला, हे त्याला लगेच कळे.

आधी तो चांगला गुडघा तपासे, मग दुखरा. “ताडून बघायला नको?” म्हणे. दुखरा अगदीच गेलेला असला की त्याचा हात पुन्हा चांगल्याकडे वळे. न जाणो, तोही मुळात तेवढाच सैल असेल, म्हणजे काही तुटलेलं नाही! खेळाडूंच्या हे ध्यानात येत नसे. खोलीत बसून अभ्यास करणाऱ्या त्याच्या लेकीच्या मात्र लहानपणीच आलं होतं.

गुडघा सुजलेला असला की तो दम भरे, “सुजेत स्नायू आवळतात, हात फसतो. सूज उतरली की परत यायचं. नाहीतर तंगडं मोडीन!”

इतका कडक माणूस, घरात कच्चा निघाला. महिन्यापूर्वी बास्केटबॉल खेळताना लेक वाकडी पडली. गुडघा टम्म फुगला. याने ओढून पाहिला, काही सरकलं नाही, जीव भांड्यात पडला. सूज उतरल्यावर पुन्हा बघायला हवं होतं. पण निवड चाचणी तोंडावर आलेली, पोरगी पळायला लागलेली, आणि या शहाण्याने विषयच काढला नाही. घाबरला, दुसरं काय!

आज, चाचणीला दोन दिवस असताना, सरावात वळताना तिचा पाय पुन्हा गेला. मैत्रिणींनी तिला उचलून टेबलावर आणून ठेवलं.

“बाबा, मुरगळलाच असेल ना?”

त्याने चांगला गुडघा ओढला. घट्ट. मग दुखरा. अजून सूज चढली नव्हती, हात फसायला जागाच नव्हती. नडगी टेबलाच्या खणासारखी पुढे आली. आत काहीतरी कटकन वाजलं. म्हणजे अस्थिबंध महिन्यापूर्वीच तुटला होता, आणि त्यावर महिनाभराच्या उड्यांनी हाडांमधली गादीही फाटली. वेळेवर बघितलं असतं तर ती तरी वाचली असती. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“अगं, थोडं ताणलंय,” तो म्हणाला, आणि त्याचा हात चांगल्या गुडघ्याकडे गेला.

लेकीने तो हात धरला.

“तो चांगला आहे, बाबा,” ती म्हणाली. “आत्ताच बघितलास.”