गोळी घेतली का रं?

आमच्या आबांना हळू बोलता येत नसे. सगळा जन्म साखऱ्याच्या माळावर मेंढरांमागे गेलेला. लांबून हाक मारायची सवय घरातही सुटली नाही. घरात पाणी मागितलं तरी गल्लीला कळे. मला त्याची लाज वाटू लागली ती माझे केस गळायला लागल्यावर.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, सेनगावला नुकताच मास्तर म्हणून लागलेलो. वर्षभरात कपाळ मागे सरकलं, टाळू दिसू लागली. फळ्याकडे वळलो की पोरं हसत. शेवटी आबाच मला नांदेडला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"घरात कुणाला टक्कल आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मी खाली बघत बसलो. आबांनी पटका सोडला. परक्या माणसासमोर उघड्या डोक्याने मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी इतक्या हळू विचारलं, की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं.

"साहेब, हे माझ्यामुळं झालं व्हय?"

"आईकडूनही येतं. दोष कुणाचाच नसतो," डॉक्टर म्हणाले. "ही गोळी रोज घ्यायची. आहेत ते केस टिकायला मदत होईल. गेलेले सगळे परत येतील असं नाही. आणि गोळी सोडली की गळती पुन्हा सुरू."

तेव्हापासून गोळीची आठवण करणं हे आबांचं कामच झालं. मी एसटीची वाट बघत उभा असलो की रस्त्याकडेच्या रानातून हाक येई, "मास्तर, केसाची गोळी घेतली का रं?" फाट्यावरची सगळी माणसं माझ्या डोक्याकडे बघत.

"हळू बोला ना आबा."

"काहून? चोरून आणली का?"

पुसेगावला मुलगी बघायला गेलो, तेव्हा मी उरलेले केस पुढे ओढून बसलो होतो. पोहे झाले, बोलणं जमत आलं, तेवढ्यात आबा म्हणाले, "एक सांगायचं हाय. पोरगं केसासाठी गोळी खाऊन राहिलंय. गळती कमी झाली, थांबली न्हाई. उद्या असं होईल." आणि पटका काढून डोकं दाखवलं. "बराबर बघून घ्या. मागून तकलीफ नको."

कुणीतरी हसलं. मुलीची मान खालीच होती. येताना मी आबांशी एक शब्द बोललो नाही.

तरी होकार आला, लग्न झालं. गोळी मी पुढे काही वर्षं घेतली. केस गेले, पण सावकाश गेले.

आबा वारले, तेव्हा दहाव्याला न्हाव्याला माझ्या डोक्यावर फारसं काम उरलं नव्हतं. संध्याकाळी बायको जवळ येऊन बसली. आबांना ती मामा म्हणायची.

"बघायला आलात त्या दिवशी मी तुमाला बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "मामांचं बोलणं तेवढं ऐकलं. मला लहानपणी फिट यायच्या, गोळ्या चालू होत्या. घरच्यांनी ते झाकून ठेवलं होतं. मी आईला म्हणलं, त्यांनी पोराचं सांगितलं, आता माझंबी सांग. आईनं मामांना बाजूला बोलावून सांगितलं."

"मग?"

"मामा म्हणले, गोळी घेत जा म्हणावं पोरीला." ती माझ्याकडे वळली. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

"न्हाई," मी म्हणालो. "कधीच न्हाई."