मोशीच्या आजींनी पुसायला सांगितलेला फोटो

आज दुपारी मोशीत चार पिढ्यांचा फोटो काढायला गेलो होतो. आल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

पंच्याऐंशीच्या सोनाबाई, त्यांचा मुलगा, नातू आणि नातवाची तान्ही लेक. घरचे बाळाला आजींच्या मांडीवर द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतले. "लेकरू नगं फोटूत."

कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. त्या नव्या सूनबाई असताना तळेगावहून फोटोवाला आला होता. घरातला पहिलाच फोटो. त्यांची थोरली लेक सासूच्या मांडीवर बसली होती. फोटो धुऊन हातात आला, तोवर पोर तापानं गेली होती.

"सासू म्हनली, फोटूनंच नेली. तिनं त्यो इंद्रायणीत सोडला. आता मला पोरीचं तोंड आठवत न्हाई."

मग नातसून पुढे आली. "आज्जी, हिला काय हुत न्हाई. घ्या तुमी." तिनं बाळ आजींच्या मांडीवर ठेवलं. मी फोटो काढला आणि आजींना स्क्रीनवर दाखवला.

त्यांनी बाळाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"अशीच व्हती," त्या म्हणाल्या. आणि मग, "आता पुसून टाक बाबा."

निघताना नातू दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "दादा, पुसू नका."

फोटो अजून कॅमेऱ्यात आहे. तुम्ही असता तर कोणाचं ऐकलं असतं?