मासोळीला ताप

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही — वेळ पुष्कळदा आली, ती मीच टाळली. आता चौऱ्याहत्तर वय झालं. जे गेले त्यांना आता सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गाव केशोरीच्या अंगाला, धानाचं. गावाला मालगुजारांच्या काळातला तलाव आहे, आणि जे काही झालं ते त्या तलावावरून झालं. तलावाचं पाणी दोघांचं. एक आम्ही शेतकरी, आणि दुसरे ढिवर — मासे धरणारे, शिंगाडे लावणारे; त्यांची एक सहकारी संस्था होती. शेतीला पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, यावरून भांडणं पूर्वीही होत. पण ती भांडणं पावसाळा आला की विरघळून जात.

सुकराम ढिवर लहानपणी शाळेत माझ्या वर्गात होता. पाचवीनंतर तो तलावावर गेला, मी पुढे शिकलो. चारचौघांत तो मला गुरुजी म्हणायचा, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोघंच असलो की दामा. मला ते आवडायचं — दोन्ही आवडायचं. गुरुजी म्हणवून घेणंही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोकरीतून मोकळा झालो त्याच्या आसपासची गोष्ट. सुकराम सारखं म्हणायचा की पाणी बदललं आहे. पाऊस येतो तो एकदम येतो, मग महिना महिना दडी मारतो. मासे अंडी टाकायच्या वेळेला टाकत नाहीत. उन्हाळ्यात पाणी वरून तापायचं, ते आता खालपर्यंत तापतं. मी म्हटलं, अंदाजाने बोलू नको, मोजून बोल. शेवटी मास्तरच ना! गोंदियाला गेलो होतो तेव्हा एक थर्मामीटर आणलं, त्याला वाचायला शिकवलं, आणि शंभर पानांची एक वही दिली. रोज दुपारी, एकाच जागी, गुडघाभर पाण्यात. त्यानं ते तीन वर्षं केलं. एकही दिवस चुकला नाही. आजारी असला तर बायकोला पाठवायचा. दर महिन्याला वही मला दाखवायचा आणि मी तिच्यावर लाल शाईनं सही करायचो.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

त्याच दिवसांत, एका वैशाखात, त्यानं मला पाळीवर बसवून एक गोष्ट सांगितली. मरळ नावाचा मासा असतो. मादी पिल्लांना सोडून जात नाही, लाल पिल्लांचा झुबका तिच्या भोवती फिरत असतो. सुकरामला तशी एक मादी मरून तरंगताना दिसली, आणि पिल्लं तिच्याच भोवती फिरत होती. त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तो रडला. साठीला आलेला माणूस, जन्मभर मासे मारून पोट भरलेला — तो एका मासोळीसाठी रडला. सांगताना त्यालाच लाज वाटत होती. म्हणाला, "कोनाले सांगू नको गा दामा. लोक हासतील."

मी म्हटलं, नाही सांगणार.

त्या साली पावसाळी धान तुडतुड्यानं खाल्लं होतं. सगळ्यांची भिस्त उन्हाळी धानावर, आणि उन्हाळी धान म्हणजे तलाव. दसऱ्याच्या पुढेमागे ग्रामसभा भरली. सुकराम उभा राहिला आणि म्हणाला की यंदा तुडूम पूर्ण उघडू नका, कंबरभर पाणी तलावात राहू द्या. पुढचा पाऊस वेळेवर येईल याचा आता भरवसा नाही. हवामान बदललं आहे. पाणी राहिलं तर मासे वाचतील, आणि पाऊस लांबला तर तुमचे पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपंही, त्याच पाण्यावर वाचतील.

लोक चवताळले. त्यांचंही एकदम चूक होतं असं म्हणता येणार नाही; हातचं एक पीक गेलेलं होतं. पण बोलणं पिकावर राहिलं नाही.

"मासोळ्यांसाठी आमी धान वाळवाचे काय बे?"

"हे सारं त्या संस्थेवाल्याईनं शिकवून पाठवलं याले!"

"पानी तपून राहिलं म्हनते. मंग चायपत्ती टाक ना त्यात, साऱ्या गावाले चाय होईल!"

हशा झाला. सुकरामनं वही वर धरली. तेव्हा सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकले-सवरले. तुमी सांगा, हे खरं आहे का?"

माझी तीन एकर जमीन तलावाखाली आहे. ते एक कारण. पण सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली असताना त्यांना नको ते सांगायचं — तेवढी छाती मला नव्हती. मी म्हणालो, "असं ठाम काही सांगता येत नाही. ऊन-पाऊस का आपल्या हातात असते?"

सुकरामला वाटलं, मी विसरलो. खरंच, त्याला तसंच वाटलं. तो भाबडेपणानं म्हणाला, "गुरुजी, थर्मामीटर तं तुमीच देल्ला. सही बी तुमचीच आहे." आणि वही उघडून शेजारच्या माणसाला दाखवायला लागला.

माझे कान तापले. खोटं मी बोललो होतो आणि राग मला त्याचा आला. असं तुमचं कधी झालं आहे का? आपण ज्याचं वाईट करतो, त्याचाच राग येतो. पाचवी शिकलेला हा माणूस मला साऱ्या गावापुढे खोटा पाडतो! मी उठून घरी निघून आलो. सभेत काही ठरलं नाही; मंडईनंतर पाहू म्हणाले.

मंडई म्हणजे आमची भाऊबीजेनंतरची जत्रा. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, गावोगावचे पाहुणे येतात, आणि भरदिवसा बाजारात दंडार होते. नाच, गाणी आणि मध्ये मध्ये सोंगं. आमच्या मंडळाची सोंगं तीस वर्षं मीच लिहीत आलो होतो. नाव कुठं लावत नसे, शिक्षकाला ते शोभायचं नाही. लोक म्हणायचे, पोरं मनानंच बोलतात. मंडळातल्या चार-पाच जणांनाच खरं ठाऊक होतं.

त्या वर्षी मी एक नवं सोंग लिहिलं. हवामानराव.

लिहायला एक दुपार लागली. इतकं भरभर मी आधी कधी लिहिलं नव्हतं. हवामानराव खांद्यावर जाळं टाकून येतो, हातात थर्मामीटर. विहिरीला लावतो, म्हशीला लावतो, पाटलाच्या टकलाला लावतो. शेवटी पुठ्ठ्याची एक मासोळी मांडीवर घेतो, तिच्या तोंडात थर्मामीटर घालतो आणि गळा काढतो — "अवो माये बाई, तुले ताप कवापासून आला वो!"

हो. ते मी लिहिलं. पाळीवर ऐकलेलं, नाही सांगणार म्हणून कबूल केलेलं.

सोंग घेतलं होमराजनं. होमराज सुकरामचा सख्खा भाचा, बहिणीचा मुलगा, दोन लेकरांचा बाप. नकला करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्यानं तालमीत एकदा विचारलं, "गुरुजी, मामाले राग तं नाई येनार ना?" मी म्हटलं, "दंडारीत कोनाले राग येते?" मासोळीचा भाग कुठून आला ते त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, गुरुजींचं डोकं.

मंडईच्या दिवशी सुकराम आपल्या बायकोशेजारी उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग लावून बसला होता. सोंग त्याच्यापासून पंधरा पावलांवर झालं. होमराजनं मामाची चाल इतकी हुबेहूब उचलली की माणसं आधी त्याच्याकडे बघायची, मग वळून सुकरामकडे, आणि मग हसायची. सुरुवातीला सुकरामही हसत होता. भाच्याची मस्करी, तिचं काय वाईट वाटायचं? मग मासोळी आली. मी गर्दीत उभा राहून सुकरामकडेच बघत होतो. तो हसायचा थांबला. शिंगाड्यांचं माप त्याच्या हातात तसंच राहिलं. समोरचं गिऱ्हाईक पिशवी पुढे करून उभं होतं आणि तेही हसत होतं.

एवढ्यावर संपलं असतं तरी ते क्रूरच होतं. पण संपलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुकराम माझ्या घरी आला. ओसरीवर बसला नाही, उभाच राहिला. विचारलं एवढंच, ते मासोळीचं कोणी घातलं? मी म्हणालो, "पोट्टे मनानंच घालतात. होमराजनं घातलं असंल."

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

त्यानं काय हिशेब लावला ते मला नंतर कळलं. मी सांगणार नाही याची त्याला खात्री होती. मग उरली त्याची बहीण. मरळ मेली त्या दिवशी तलावावरून तो रडवेल्या डोळ्यांनी परतला तेव्हा बहीण घरी आलेली होती. तिनं पाहिलं असेल, तिनं मुलाला सांगितलं असेल. त्यानं होमराजला दारात उभं करणं बंद केलं. बहिणीला काही विचारलं नाही, भांडलाही नाही. पुढच्या भाऊबीजेला ती ओवाळायला आली तर हा घरात नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी ती आली नाही.

होमराज माझ्याकडे आला होता. दोनदा. मोठा बाप्या माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "गुरुजी, तुमी सांगा ना मामाले, लिवलं तुमी म्हनून. माई माय जेवून नाई राहिली." मी म्हटलं, सांगतो. दोन्ही वेळा म्हटलं. मंडळातले बाकीचे मला मानत, ते गप्प राहिले. होमराज स्वतः मामाकडे जाऊन बोलला म्हणतात. पण गुरुजींवर ढकलतो म्हणून सुकराम त्याच्यावर आणखीच चिडला. होमराजनं दंडार सोडली. मी पुढची चार वर्षं लिहीत होतो.

मंडईनंतरच्या सभेला सुकराम गेला नाही. जाणार तरी कसा? लहान-मोठे सगळे त्याला 'ताप' म्हणायला लागले होते. तुडूम पूर्ण उघडलं. माझ्या तीन एकरांत उन्हाळी धान चांगलं झालं; आम्ही ते वर्षभर खाल्लं. ज्येष्ठात तलावात घोट्याएवढं पाणी होतं आणि मासे मरून पांढरे पडले होते, वास शाळेपर्यंत यायचा. मग पाऊस लांबला. पऱ्हे वाळले, आणि ते वाचवायला तलावात पाणी नव्हतं. सुकरामनं सांगितलेलं जसंच्या तसं झालं, पण कोणाला ते आठवलं नाही. मला आठवलं. मी बोललो नाही.

ढिवरांची संस्था मोडली. दोन वर्षांत सुकराम आणि त्याची बायको मुलीकडे देवरीला निघून गेले.

आता आमच्या गावात सगळेच म्हणतात, हवामान बदललं. चहा टाक म्हणणारेही म्हणतात. मागे शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी मुलांना सांगितलं, "पाण्याला विचारा, ते पावसाच्या आधी सांगतं." टाळ्या पडल्या. वाक्य सुकरामचं होतं. मी त्याचं नाव घेतलं नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी देवरीला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. एसटीत वाक्य जुळवत होतो. तो खाटेवर बसला होता, वाळला होता. बायको आदल्या वर्षी गेली होती. मला बघून खूश झाला. "अरे दामा! इतक्या दूर काऊन आलास गा उन्हाचा?" मुलीनं चहा दिला. माझी सून, त्याची नातवंडं, दोघांचे गुडघे — सगळं बोलून झालं. मग त्यानंच विचारलं, होमराज कसा आहे? मी म्हणालो, बरा आहे.

"नकला चांगल्या करे पोट्टा," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "पन मले एक समजलं नाई अजून. मी रडलो ते त्याले कोनं सांगलं असंल?"

तो माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं का? मला माहीत नाही. असेलही. दार त्यानं उघडून दिलं होतं, मला फक्त आत जायचं होतं.

मी म्हणालो, "कोन जाने गा. जुनी गोष्ट." आणि घड्याळ पाहिलं. म्हणालो, साडेचारची गाडी आहे. गाडी साडेपाचची होती. एक तास मी स्टँडवर बसून काढला. त्याचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं.

पोळ्यानंतर तो गेल्याचा निरोप आला. बहीण माती द्यायला गेली. होमराज अंगणाबाहेर उभा राहिला, आत गेला नाही.

हे लिहून झालं की पहिल्यांदा होमराजच्या हातात देणार आहे. त्याचा काही दोष नव्हता, त्याच्या आईचाही नव्हता. मी लिहिलं आणि मी खोटं बोललो. यावर त्यानं किंवा तुम्ही काय म्हणावं, हे मला सांगायचं नाही.

देवरीच्या गाडीत जुळवलेलं वाक्य असं होतं — "सुकराम, ते होमराजनं नाई, मी लिवलं. तुयी वही खरी होती, मले तवाच मालूम होतं. तुया बहिनीनं कोनाले काई सांगलं नाई. मले माफ कर."